एक नंबर ठाण्याची शेवटची नोंद

यंत्राच्या खोलीत येताना स्वेटर घालायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हा अर्ध्या बाह्यांचा पातळ शर्ट घालून, घाम पुसत, दार ढकलून सरळ आत आला. दोन मिनिटांत घाम वाळला. पाचव्या मिनिटाला दात वाजायला लागले. तरी हातातला अर्ज छातीशी धरून तो तिथेच उभा राहिला, आणि कपाटांएवढ्या डिस्कच्या दोन रांगांमधून येणाऱ्या मुलीला म्हणाला,

"पत्ताबाई आपणच का?"

ती जागच्या जागी थबकली. अख्ख्या कचेरीत तिला याच नावाने ओळखत हे खरं, पण तोंडावर असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाहेरच्या शिपायांनी. म्हणाले, पत्ताबाईंना विचारा... मला वाटलं, आडनाव असेल."

तिने हसू ओठांतच दाबलं. खुंटीवर पाहुण्यांसाठी एक करडा स्वेटर टांगलेला असे, ढगळ आणि दोन बटणं तुटलेला. तो तिने त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटाच घातला, मग लक्षात येऊन काढला, पुन्हा घातला – आणि एवढ्या वेळात तिला त्याचे डोळे नीट बघायला मिळाले. शांत होते डोळे. फार दिवस कशाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाचे असतात तसे.

तो नदी खात्यातला इंजिनिअर होता. नदीला नवा बांध घालायचा होता, आणि तो किती उंच असावा हे ठरवायला त्याला नदीच्या पाण्याच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. नदीकाठी पाणी मोजणाऱ्या सगळ्या ठाण्यांच्या, रोज तीन वेळच्या, तीस वर्षांच्या. त्या या मेनफ्रेमवर, म्हणजे खोलीभर पसरलेल्या या मोठ्या संगणकावर, एका फाइलमध्ये होत्या.

"बसा. दोन मिनिटांत देते," ती म्हणाली.

दोन मिनिटं ही काही बढाई नव्हती. या खोलीत चाळीस डिस्क होत्या आणि त्यांवर हजारो फाइली. कोणती फाइल कुठे राहते हे सांगणारा एक मोठा कॅटलॉग यंत्रातच होता, पण लोक यंत्राला विचारण्याआधी हिलाच विचारत. म्हणून तर ती पत्ताबाई.

तिने फाइलचं नाव टाइप केलं. कॅटलॉगने उत्तर दिलं – अशी फाइल नाही.

तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. आता तो मागे येऊन उभा राहिला होता, ढगळ स्वेटरच्या बाह्या मुठीत धरून. तिला का कोण जाणे, या माणसासमोर आपली फजिती होऊ नये असं फार वाटलं. ही फाइल चौदा नंबरच्या डिस्कवर असायची हे तिला पाठ होतं. तिने झपझप चार ओळी लिहिल्या आणि त्या डिस्कवर काय काय आहे याची भलीमोठी यादी काढायला यंत्राला सांगितलं. तिची बोटं अशी चालत होती की त्याच्या तोंडून "बाप रे!" निघून गेलं. ते ऐकून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, खोली एवढी थंड असूनही.

यादीतही फाइल नव्हती. पण का नव्हती ते मात्र कळलं. प्रत्येक फाइल ठेवताना ती कधीपर्यंत पुसायची नाही याची तारीख लिहावी लागते, वर्षाचे दोन आकडे आणि वर्षातला कितवा दिवस त्याचे तीन. ज्या फाइली कायमच्या ठेवायच्या, त्यांना या धंद्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या नव्व्याण्णव सालचा शेवटचा दिवस लिहीत आले. त्यांच्या लेखी तो कधीच उजाडणार नव्हता. तो तीन महिन्यांपूर्वी उजाडला. बहुतेक फाइलींच्या तारखा वेळेत बदलल्या गेल्या, ही एक राहिली. साफसफाई करणाऱ्या प्रोग्रॅमने नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिची मुदत संपलेली पाहिली आणि तिला काढून टाकलं. टेपवरची प्रत साठ दिवस ठेवायचा नियम. तेही होऊन गेले होते.

"म्हणजे गेली?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"नाही, नाही... तसं नाही. समजा, तुम्ही एखादी फाइल मागितली. यंत्र कॅटलॉगला विचारतं, कोणत्या डिस्कवर? मग त्या डिस्कच्या सुरुवातीला तिची स्वतःची यादी असते, ती सांगते, अमुक ट्रॅकपासून, म्हणजे डिस्कवरच्या अमुक गोल पट्टीपासून, तमुक ट्रॅकपर्यंत. मग वाचणारा हात नेमका तिथे जातो. फाइल पुसायची म्हणजे यंत्र यादीतली फक्त ती ओळ खोडतं. मजकूर जिथल्या तिथे असतो. दुसरं कोणी त्यावर लिहीपर्यंत."

"कोणी लिहिलंय का?"

"या डिस्ककडे सहसा कोणी फिरकत नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. जाताना तो स्वेटर काढायला विसरला आणि जिन्यावरून परत आला.

तो गेल्यावर तिने चौदा नंबरच्या डिस्कवर नवं काहीही लिहायला बंदी घातली. आणि मग तिचं लक्ष मघाच्या यादीकडे गेलं. यादी काढायची म्हणजे यंत्राला ती कुठेतरी लिहून ठेवावी लागते. कुठे लिहायची हे घाईत तिने सांगितलंच नव्हतं. यंत्राने जिथे मोकळी जागा दिसली तिथे लिहिली – चौदा नंबरच्या डिस्कवर. नदीच्या फाइलच्या जागेत. तीन ट्रॅक.

आधी डिस्कला कुलूप लावायचं आणि मग शोधायचं, हे इथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग तिने मनाला समजावलं, दोन हजारांवर ट्रॅक आहेत, त्यांतले तीन. कुठल्यातरी ओसाड ठाण्याचे, कोरड्या महिन्यांतले असतील. आणि तिने कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज यायला लागला. एकेक ट्रॅक जसा असेल तसा वाचायचा, रुंद कागदावर छापायचा, कुठलं ठाणं कुठे सुरू होतं ते ओळखायचं आणि नवी फाइल बांधायची. ट्रॅक वाचणं तिचं काम, नदी ओळखणं त्याचं. नुसते आकडे पाहून तो सांगायचा, "हे वरच्या अंगाचं ठाणं. बघा, इथे पाणी रात्रीत चढतं आणि दुपारी उतरतं." किंवा, "हा वाचणारा आळशी होता. तिन्ही वेळा एकच आकडा!"

"आकड्यांवरून माणूस ओळखता?"

"ओळखतो ना. तुम्ही आकडे टाइप करता तेव्हा सात आला की थांबता."

"मी? कशाला थांबेन?"

"ते मला काय माहीत! पण थांबता."

ती थांबत असे, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर सात आला की दोघंही एकमेकांकडे न बघता हसत. काही हसण्यासारखं नव्हतं खरं तर. पण त्या वयात आणि त्या थंडीत एवढं पुरतं.

चौथ्या दिवशी तो स्वतःचा स्वेटर घेऊन आला. तिला उगाच चुकल्यासारखं झालं. मग पाचव्या दिवशी तो पुन्हा तोच करडा, बटणं तुटलेला घालून बसलेला दिसला.

"तुमचा कुठे गेला?"

"घरी राहिला."

"राहिला की ठेवला?"

तो कागदात डोकं खुपसून म्हणाला, "या ओळीतला तिसरा आकडा पुसट आहे... वाचून सांगता का?"

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय गं, हल्ली स्वयंपाकघरात गुणगुणतेस?" ती विचारी. "यंत्र फारच देखणं आलेलं दिसतंय!" ती वहिनीच्या पाठीत लटका धपाटा घाली. पण अंथरुणाला पाठ टेकली की ते तीन ट्रॅक आठवत आणि गुणगुणणं बंद होई.

आठव्या दिवशी दुपारी, दोघं बाहेर कठड्याशी चहाचे कप घेऊन उभे असताना, त्याने आपण होऊन सांगितलं.

"मला बांधाचं काम मिळालं ते... मी मागून घेतलं. ही फाइल बघायला मिळावी म्हणून. एक नंबरच्या ठाण्यावर बाबा पाण्याची पट्टी वाचायचे. मोठा पूर आला ना, एकोणीस वर्षांपूर्वी – त्यात ते ठाणंच वाहून गेलं. बाबाही. पहाटेची नोंद नदीच्या खालच्या अंगाला कळवायची असते, पूर येतोय म्हणून. चौकशी झाली. नोंदवही वाहून गेलेली, आणि खाली कोणी म्हणेना की नोंद आली. मग लिहून टाकलं, वाचणारा माणूस त्या पहाटे जागेवर नव्हता. खाली नऊ माणसं गेली. आमच्या घरावरून जाताना लोक तोंड फिरवायचे."

"आणि तुमची आई?"

"आई म्हणते, ते ठाण्यावर गेले होते. कोण ऐकणार बायकोचं?" तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "पण ठाण्यावरून बिनतारीवर आलेला आकडा त्या काळी रोज इथे यंत्रात टाकत. चौकशीवाल्यांनी वह्या बघितल्या, यंत्राला कोणी विचारलंच नाही. बाबांनी नोंद घेतली असेल तर ती इथे असणार. नसेल घेतली तर... तेही कळेल मला."

तिने कठड्यावर ठेवलेल्या त्याच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच. त्याने हात काढला नाही, उलट बोटं तिच्या बोटांत गुंतवली, आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून हे सगळं मला सांगता आलं." अहो-जाहो कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नाही.

दहाव्या दिवशी तो त्याच्या कचेरीत बैठकीला गेला होता. ती एकटीच ट्रॅक वाचत बसली होती. फाइलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले होते, आणि एक नंबर ठाण्याचा तुकडा आज हाती लागला होता. त्याच्या वडिलांचे आकडे नीटस, एकही नोंद न चुकलेली. पुराचं वर्ष सुरू झालं. पाणी चढायला लागलं. आणि पुढचा ट्रॅक छापून आला, तो तिच्या स्वतःच्या यादीचा.

त्याच्या पुढचाही. त्याच्याही पुढचा. मग सरळ दोन नंबरचं ठाणं.

तिने तिन्ही कागद पुन्हा उलटून पाहिले. दोन हजारांतले तीन ट्रॅक, आणि ते हे. त्याच्या वडिलांचे शेवटचे एकेचाळीस दिवस तिने पुसले होते, त्याच्यासमोर तोरा मिरवताना.

मग दुसरा विचार आला. शेजारच्या ठाण्याचे आकडे होतेच. त्यांवरून एक नंबरचे आकडे बसवणं तिला अवघड नव्हतं. गाळलेल्या नोंदी खात्यातही अशाच भरतात, फक्त पुढे तशी खूण करतात. खूण न करता एकेचाळीस दिवस भरले तर कोणालाही कळणार नव्हतं. त्याला हवी ती ओळ मिळणार होती. त्याच्या आईला मिळणार होती. तिने ती ओळ टाइपही केली – ठाणं एक, तो दिवस, पहाटेची वेळ, पाण्याची पातळी. आता फक्त एक बटण दाबायचं होतं.

त्याला आकड्यांवरून माणूस ओळखता येतो, हे तिला आठवलं. पण ती थांबली ती त्या भीतीने नाही. तो माणूस खरंच तिथे उभा असेल तर त्याच्या जागी खोटा उभा करायचा हक्क तिला नव्हता, आणि उभा नसेल तर अजिबातच नव्हता. तिने ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हसत आत आला. तिने त्याला बसूही दिलं नाही.

"एक नंबरचे शेवटचे एकेचाळीस दिवस नाहीत. माझ्या हातून गेले. पहिल्या दिवशी मी ती यादी काढली ना... ती त्यांच्यावर लिहिली गेली. डिस्क आधी बंद करायला हवी होती. मी केली नाही."

तो अगदी हळू म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"तीन ट्रॅक गेले हे पहिल्याच दिवशी. ते हे होते... हे काल."

"पहिल्या दिवशी." त्याने स्वेटर काढला आणि खुंटीवर नीट टांगला. "आणि दहा दिवस तू माझ्या शेजारी बसून हसत होतीस."

तो गेला. नंतर तीन दिवस आला नाही.

त्या तीन दिवसांत ती रडली, हे सांगायला लाज कसली? वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वहिनीने थट्टा केली नाही, नुसता केसांतून हात फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि साहेबांना द्यायचा अहवाल लिहायला घेतला, काय चुकलं, कोणाचं चुकलं आणि नेमकं काय गेलं. कोणत्या नोंदीपासून कोणत्या नोंदीपर्यंत, हे लिहायला हवं होतं. आणि ते कुठे मिळणार, असा विचार करताना ती खुर्चीतून ताडकन उठली.

एवढी मोठी फाइल यंत्र पहिल्या नोंदीपासून चाळत बसत नाही. तिला एक इंडेक्स असतो, आणि तो त्याच डिस्कवर, पण वेगळ्या जागी ठेवलेला असतो. जाड शब्दकोशात पानाच्या माथ्यावर त्या पानावरचा शेवटचा शब्द छापतात, तसं इंडेक्समध्ये प्रत्येक ट्रॅकवरच्या शेवटच्या नोंदीचं ठाणं, दिवस आणि वेळ लिहिलेली असते. पाण्याची पातळी नसते. आणि ज्याने कोणी ही फाइल बांधली, त्याने प्रत्येक ठाणं नव्या ट्रॅकवर सुरू केलं होतं. म्हणजे एक नंबर ठाण्याच्या शेवटच्या ट्रॅकची शेवटची नोंद ही त्या ठाण्याचीच शेवटची नोंद.

तिने इंडेक्स छापला. बोट ठेवत ठेवत खाली आली. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि कागदावर डोकं टेकून बसली.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "हे वर पाठवावं लागेल. इंडेक्सचं पानही," ते म्हणाले. "आणि यंत्राच्या खोलीची किल्ली ठेवून जा, मुली. वर्षभर तरी टाइपिंगच्या खोलीत बस." तिने किल्ली टेबलावर ठेवली. अहवालाची एक प्रत घेऊन ती बसने नदी खात्यात गेली.

तो नकाशे पसरून बसला होता. दाढी वाढलेली. ती समोर उभी राहिली तरी त्याने बस म्हटलं नाही.

"मी माफी मागायला नाही आले," ती म्हणाली. "हे तुमचं आहे. द्यायला आले."

त्याने कागद घेतला. तिने बोटाने ओळ दाखवली. ठाणं एक. पुराचा दिवस. वेळ, पहाटेचे पाच.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी पहाटे पाचला एक नंबर ठाण्यावर नोंद घेतली गेली आणि ती इथे पोचली. ते जागेवर होते. त्यांनी कळवलं होतं. पुढे कोणी लक्ष दिलं नाही."

तो कागदाकडे बघतच राहिला.

"पाणी किती होतं?" त्याने विचारलं.

"ते यात नसतं. ते त्या ट्रॅकवर होतं." ती म्हणाली. "ते आता कधीच कळणार नाही. माझ्यामुळे."

ती जायला वळली. दारापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे तू मला आधी का नाही दाखवलंस? कबूल करायच्या आधी. हे हातात ठेवून सांगितलं असतंस तर मी रागावलोही नसतो."

"तेव्हा मला सापडलं नव्हतं."

"मग काहीच हातात नसताना सांगितलंस?"

"हो."

तो तिच्याजवळ आला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्याने खटपट केली नाही. "मी तीन दिवस तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं, पण आकड्यांत सात आला की बिघडायचं." मग तो गंभीर झाला. "माझ्याबरोबर घरी येशील? आत्ता? आईला हे तूच सांगायचंस. पुसलंस तेही आणि सापडलं तेही."

"दोन्ही?"

"दोन्ही."

दुसऱ्या मजल्यावर घर होतं. जिन्यात त्याने तिचा हात धरला, आणि तिचा हात गार पडलाय हे त्याला कळलं तरी सोडला नाही. दार त्याच्या आईने उघडलं. लहानखुरी बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग त्या हातांकडे.

सांगायचं तिने होतं. पण तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,

"आई, बाबांच्या शेवटच्या नोंदीतला आकडा हिच्या हातून पुसला गेला. ती नोंद त्यांनी घेतली होती, हे हिनेच शोधून काढलं. आणि मला हिच्याशी लग्न करायचंय."

तिसरी गोष्ट तिलाही तेव्हाच कळत होती. पण तिला त्याच्याकडे बघायची सवड मिळाली नाही, कारण आईने दाराची चौकट धरली होती.

"घेतली होती?" आई म्हणाली. "किती वाजता?"

"पहाटे पाच वाजता, आई," ती म्हणाली.

"साडेचारला निघाले घरातून. मी कंदील धरला होता." आईचा आवाज चढला नाही. "एकोणीस वर्षं सांगतेय मी सगळ्यांना. एकानेही ऐकलं नाही."

तिने पुढे होऊन आईचा हात धरला. आईने तो घट्ट दाबून ठेवला, आणि तिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून म्हणाली,

"परत सांग."

"पहाटे पाच वाजता नोंद घेतली, आई. ते तिथे होते."

"परत एकदा सांग, बाळ."

तिने परत सांगितलं.